गोठ्यात गुडघे टेकणाऱ्या डॉक्टरबाई

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाने यंदा एक स्मरणिका काढली आणि तीत 'आपला अभिमान' या मथळ्याखाली या राज्यातल्या कर्तबगार मराठी माणसांची छायाचित्रे छापली. सॉफ्टवेअर कंपन्यांचे उपाध्यक्ष आहेत, हृदयरोगतज्ज्ञ आहेत, एक गृहस्थ केवळ मॅरेथॉन धावतात एवढ्यासाठी आहेत. ज्या बाईंचे नाव मी स्वतः लेखी सुचवले होते, त्या मात्र नाहीत. मी कारण विचारले. उत्तर आले, 'विषय जरा नाजूक आहे, काका.' विषयाचा नाजूकपणा हा एखाद्याला वगळण्याचा निकष मंडळाच्या घटनेतल्या कोणत्या कलमाखाली येतो ते कळवावे, असे मी उलटटपाली लिहिले. त्याला आजतागायत उत्तर नाही. सबब, जे तिथे एका परिच्छेदात मावले असते ते मी इथे सविस्तर लिहीत आहे.

बाईंचे नाव देत नाही. नाव छापलेले त्यांना आवडत नसे. खात्याच्या दारावरची त्यांच्या नावाची पाटीसुद्धा त्यांनी उलटी करून तिच्यामागे लसीकरणाचे वेळापत्रक चिकटवले होते. अमेरिकन सहकारी त्यांना 'डॉक' म्हणत. मी 'डॉक्टरबाई' म्हणत असे. त्या मला चारचौघांत नावाने आणि मराठीत 'वकीलकाका' म्हणत. मी वकील नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितले. त्या म्हणत, "मग इतके भांडता कशाला?"

मी या राज्याच्या शेती खात्यात निवृत्तीपर्यंत नियमांचे मसुदे लिहिण्याचे काम केले. कायदा लोकप्रतिनिधी करतात. पण गोठ्याच्या दाराशी पोचल्यावर त्या कायद्याचा अर्थ काय व्हावा, हे ठरवणारे नियम माझ्यासारखा कुणी एक मनुष्य चौथ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून लिहितो. डॉक्टरबाई त्याच खात्यात पशुवैद्य होत्या. नागपूरकडच्या, तिथल्याच बौद्ध वस्तीत वाढलेल्या. पुढे इकडे स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावी शिकल्या आणि तिथून नोकरीसाठी आमच्या राज्यात आल्या.

आमची गाठ पडली ती माझ्या संतापामुळे. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चांगल्या गाठी तशाच पडल्या आहेत.

सरकारने एक योजना आणली होती. दुधाची गाय दूध देत राहायची तर तिला वेळोवेळी वासरू व्हावे लागते, आणि त्यांतली निम्मी वासरे गोऱ्हे असतात. गोऱ्हा दूध देणार नाही. म्हणून चार दिवसांचा झाला की तो ट्रकमधून जातो, आणि त्यांतल्या काहींचे पुढे कोवळे मांस होते, ज्याला इथे 'वील' म्हणतात. जुनी रीत अशी की मांस फिके राहावे म्हणून वासराला वळताही येणार नाही अशा लाकडी पेटीत बांधून ठेवायचे आणि चारा म्हणून दाखवायचाही नाही. जो शेतकरी या पेट्या मोडून टाकील, वासरांना कळपाने गव्हाच्या काडावर मोकळे ठेवील, त्यांना सुके गवत, पाणी आणि उजेड देईल, त्याला गोठा बदलण्यासाठी राज्य मदत करील, अशी ती योजना. तिचे नियम लिहिण्याचे काम माझ्या टेबलावर आले.

माझा जन्म शाकाहारी घरातला. वासराच्या मांसाला करदात्याच्या पैशातून उत्तेजन, आणि त्याची कलमे मी लिहायची! मी तीन पानी निषेधपत्र लिहून फाइलला जोडले. संचालकांनी त्यावर फक्त आद्याक्षरे टाकली. दोन दिवसांनी डॉक्टरबाई ती फाइल घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. फिकट खाकी विजार, आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांवर वाळलेल्या ओलीचे दोन गोल.

"हे तुम्ही लिहिलं?"

मी हो म्हणालो.

"फार छान लिहिलंय. चहा पिता का, काका?"

"पितो."

"दुधाचा?"

हा प्रश्न कुठे नेणार हे मला दिसत होते, पण थेट विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देणे माझ्या प्रकृतीत नाही. मी म्हणालो, दुधाचा.

"मग तुम्ही पण ह्याच धंद्यात आहात न. गाय व्यायली म्हणून तुमचा चहा. तिचा गोऱ्हा कुठं गेला, ते तुमच्या तीन पानांत कुठंच नाही."

मी निषेध मागे घेतला नाही. मी त्याला चौथे पान जोडले, ज्यात गोऱ्ह्याचा उल्लेख होता. आणि नियम लिहायला घेतले.

पहिला मसुदा मी माझ्या मते बिनतोड केला होता. त्यात एक वाक्य होते की वासरांना 'पुरेसे कोरडे अंथरूण' मिळावे. बाईंनी त्या वाक्यावर बोट ठेवून विचारले, पुरेसं म्हणजे किती? मी म्हणालो, कायद्यात 'पुरेसे' याचा अर्थ सारासार विचार करणारा मनुष्य जे पुरेसे समजेल ते. त्या म्हणाल्या, "सारासार विचार करणारा माणूस बूट घालून उभा असतो, काका. वासरू झोपलेलं असतं." आणि दुसऱ्या दिवशी त्या मला एका गोठ्यात घेऊन गेल्या.

त्यांच्या गाडीविषयी एवढेच सांगतो की पहिल्या मैलात मी खिडकी उघडली आणि परत बंद केली नाही.

गोठ्यात शिरल्यावर त्यांचा एक ठरलेला क्रम असे. शेतकरी हात पुढे करी. त्या त्याला थांबवून आधी जवळच्या वासरापुढे आपली दोन बोटे धरीत. वासराने ती जोराने चोखली की मगच शेतकऱ्याशी हस्तांदोलन, त्याच बोटांनी. मग घरातली सर्वांत म्हातारी बाई कुठे आहे ते विचारायचे, कारण गेल्या महिन्यात कोणते वासरू मेले आणि का, हे तिलाच खरे माहीत असते. गोऱ्ह्यांना त्या 'भाऊ' म्हणत आणि कालवडींना 'बाई'. "सरक गं बाई, भाऊला येऊ दे," असे शुद्ध मराठीत चाललेले असे, आणि तिथली वासरे सरकत.

त्या दिवशी त्यांनी मला वासरांच्या कप्प्याच्या मधोमध उभे केले आणि म्हणाल्या, बसा गुडघ्यांवर. मी इस्त्रीची विजार घातली होती. "बसा हो. सगळं वजन टाका. आता पंचवीस मोजा." मी पंचवीस आकडे मोजले. अठराव्या आकड्याला गारवा कापडातून आत आला. वरून ते काड सोन्यासारखे पिवळे दिसत होते. मी उठलो तेव्हा माझ्या गुडघ्यांवर दोन काळे गोल होते आणि एक गोऱ्हा माझ्या कोटाचे टोक चघळत होता.

"कागद नेहमी कोरडाच असतो, काका," त्या म्हणाल्या. "खाली बसावं लागतं."

मी ऑफिसात परतलो आणि ते कलम पुन्हा लिहिले. तपासणी करणाऱ्याने प्रत्येक कप्प्यात तीन जागी दोन्ही गुडघे टेकून पंचवीस आकडे मोजावेत. उठल्यावर दोन्ही गुडघे कोरडे असावेत. आणि पसंतीच्या कागदावर ज्याची सही असेल त्याने हे स्वतः केलेले असावे. संचालक मोठ्याने हसले. राज्याच्या नियमावलीत 'गुडघा' हा शब्द आजवर आलेला नाही, असे ते म्हणाले. मी लेखी उत्तर दिले की तो आजवर यायला हवा होता. कलम मंजूर झाले. माझ्या मुलीला, जी इथेच जन्मली आणि माझ्या कुठल्याही पत्राने हलत नाही, मी हे फोनवर सांगितले. ती म्हणाली, "बाबा, यू नेल्ट? इन द सूट?" सुटासकट गुडघे टेकले, हे विचारताना तिच्या आवाजात जो आदर होता, तो मी त्यापूर्वी ऐकला नव्हता.

गडद रंगाची विजार का घालत नाही, असे बाईंना सगळेच विचारीत. डाग दिसत नाहीत म्हणूनच घालत नाही, हे उत्तर. स्टेट कॉलेजला शिकत असताना त्या विद्यापीठाच्या गोठ्यातून थेट कॅम्पसच्या बसमध्ये चढत, बुटांसकट. शेजारची जागा रिकामी होई, मग समोरची. घरी चौघीजणी एक अपार्टमेंट वाटून घेत. बाकीच्या तिघींनी ठराव करून त्यांचे बूट जिन्याखाली ठेवायला लावले. हे सांगताना त्यांना जराही अपमान वाटलेला नसे. "अख्ख्या बसमध्ये मला एकटीला पाय पसरून बसायला मिळायचं," त्या म्हणत. मग एकदा, तसाच हसरा स्वर ठेवून, पुढचे म्हणाल्या: "आणि वासाचं म्हणाल तर, आमच्या घराला त्याची तीन पिढ्यांची सवय आहे."

त्यांच्या आजोबांकडे गावची मेलेली ढोरे ओढून नेण्याचे काम होते. जातीने गळ्यात घातलेले. त्यांनी एके दिवशी गावाला सांगितले की आता ओढणार नाही, आणि त्यानंतर दोन वर्षे गावाने त्यांना दुकानातून मीठ मिळू दिले नाही. मी हे ऐकून, माझ्या स्वभावानुसार, कोणत्या कायद्याखाली फिर्याद करता आली असती ते सांगू लागलो. बाईंनी मला बोलू दिले. मग म्हणाल्या, "आजोबांनी मेलेल्या जनावराला हात लावायचा सोडला, तो स्वतःच्या मर्जीनं. मी जिवंत जनावरापाशी गुडघे टेकते, ते पण माझ्याच मर्जीनं. कुणी लावलेलं काम नाही हे. दोघांचं एकच आहे, काका." मी आयुष्यात पुष्कळ निकालपत्रे वाचली आहेत. इतके नेटके वाचलेले नाही.

मंडळाला जो विषय नाजूक वाटतो, तो कसा नाजूक झाला तेही नोंदवून ठेवतो. एका संक्रांतीला मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने एक पदार्थ आणायच्या जेवणात, एका काकूंनी हौसेने खरवस आणला होता. ओळखीच्या डेअरीवाल्याकडून चीक मिळवला होता. सगळ्यांच्या हातात बशा, आणि डॉक्टरबाईंनी विचारले, "काकू, वासराला मिळाला का पण आधी?" काकूंना प्रश्न कळेना. बाईंनी समजावले की वासराच्या पहिल्या काही तासांत पोटभर चीक गेला नाही तर पुढे त्याला काहीही द्या, ते रोगाला बळी पडते. त्यांनी डेअरीवाल्याचा नंबर मागितला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्याला फोन लावला. वीस माणसे चमचे वर धरून थांबली. गाईला जास्तीचा चीक आला होता, वासरू पोटभर प्यायले होते. बाईंनी फोन ठेवला आणि खरवसाच्या दोन वड्या मिटक्या मारीत खाल्ल्या. "वेलदोडा मस्त लागलाय, काकू."

त्यावरूनच कुणीतरी विचारले की आपण नक्की काय काम करता. त्यांनी जसेच्या तसे सांगितले. मग एका तरुण गृहस्थांनी, जे स्वतः बर्गर खातात हे मला ठाऊक आहे, विचारले की ताई, तुम्ही स्वतः ते खाता का.

"खाते न," बाई म्हणाल्या. "पण जिथं मी खाली बसले तिथलंच."

मी ते आजही खात नाही आणि खाणार नाही. शेवटी त्या वासरांना मरण आहे, हे मी विसरलेलो नाही, आणि बाईंनी मला ते कधी विसरूही दिले नाही. मी एकदा त्यांना ते बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "मरण माझ्या हातात नाही. मधले सहा महिने आहेत." सरकारी अधिकाऱ्याने आपल्या अधिकाराची कक्षा इतकी अचूक सांगितलेली मी दुसऱ्यांदा ऐकलेली नाही.

आता हॅरल्ड आणि रूथच्या गोठ्याची हकिगत. ती सांगण्यासाठीच बसलो आहे.

हॅरल्ड आणि रूथ हे साठीपलीकडचे जोडपे, चाळीसेक गाई. आमच्या योजनेत शिरणारे पहिले. चार दिवसांचा गोऱ्हा ट्रकमध्ये चढवताना रूथ घरात जाऊन रेडिओ मोठा लावी, इतकी वर्षे. म्हणून त्यांनी अर्ज केला होता. गोऱ्हे घरीच वाढवायचे, नीट वाढवायचे, आणि ते मांस आपल्या नावाने विकायचे. गोठा पास झाला नाही तर त्यांना दुसरा मार्ग नव्हता: सगळ्या गाई विकून शेती बंद. व्यापारी येऊन गाई पाहून गेला होता. मुदतीनंतरच्या सोमवारी गाडी पाठवा, तपासणीनंतर नक्की कळवतो, असे त्यांनी त्याला सांगितले होते. आणि अर्जाच्या मुदतीचे कलम मी लिहिले होते. त्या तारखेपर्यंत पसंतीची सही झाली नाही तर हक्क संपला, अपवाद नाही. त्या कलमाच्या बिनतोडपणाचा मला तेव्हा फार अभिमान होता.

मुदतीला नऊ दिवस उरले असताना समारंभ ठेवला. पहिला गोठा म्हणून दोन आमदार, एक छायाचित्रकार, करड्या सुटातले आमचे संचालक, आणि नियम लिहिणारा म्हणून मी. गोठ्याला रिबन. डॉक्टरबाई तासभर आधी येऊन तपासणी करणार आणि सर्वांसमोर सही करणार.

गोठा लखलखत होता. काड गुडघाभर, पिवळेधमक. चौदा गोऱ्हे त्यात उड्या मारीत होते. बाईंनी बोटे चोखवली, पहिल्या जागी बसल्या, पंचवीस मोजले. कोरडे. दुसऱ्या जागी, कोरडे. तिसरी जागा मागच्या भिंतीशी, जिथे वासरे झोपतात. तिथे त्या उठल्या तेव्हा त्यांनी स्वतः खाली पाहिलेच नाही. हॅरल्ड त्यांच्या गुडघ्यांकडे पाहत होता. ते ओले झाले, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळले.

बाईंनी हाताने काड बाजूला सारले. वरचे वीतभर नवे होते. खाली काळे, भिजलेले, वाफाळते.

यात लबाडी नव्हती, हे मी शपथेवर लिहायला तयार आहे. पाहुणे यायचे म्हणून आपण पलंगावर धुतलेली चादर घालतो, तसे रूथने पहाटे उठून नवे काड पसरले होते. तसे तिने लगेच सांगितलेही. बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे, रूथ. पण पाहुणे संध्याकाळी जातील. हे इथंच झोपतील."

आणि त्यांनी पेनाचे टोपण लावून ते खिशात ठेवले.

संचालकांनी त्यांना दाराशी बोलावले. मी शेजारीच होतो. दुरुस्ती नंतर होईल, ते म्हणाले. लोक आले आहेत. या माणसांची शेती बुडवायची आहे का? बाई म्हणाल्या की त्यांच्या घरी मी गेली दोन वर्षे जेवते आहे, बुडवायची नाही, पण सही करणार नाही. ठीक आहे, संचालक म्हणाले, मी तुमचा वरिष्ठ आहे, मीच करतो.

तेव्हा मी पुढे झालो. मी म्हणालो की आपल्याला तो अधिकार निश्चित आहे. फक्त कलमाप्रमाणे सही करणाऱ्याने तीन जागी स्वतः गुडघे टेकलेले असावेत. मी ते कलम शब्दशः म्हणून दाखवले. मला ते पाठ होते.

संचालकांनी कोट काढून माझ्या हातात दिला, कप्प्यात शिरले, सरळ मागच्या भिंतीशी गेले आणि त्या करड्या विजारीनिशी खाली बसले. त्यांनी पंचवीस मोजले, मोठ्याने. छायाचित्रकाराने कॅमेरा वर केला; एका आमदाराने तो खाली करायला लावला. संचालक उठले. आपल्या गुडघ्यांकडे त्यांनी जरा वेळ पाहिले, आणि म्हणाले, "डॉकचं बरोबर आहे." सही केली नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याविरुद्ध एकही पत्र लिहिलेले नाही. माझ्याकडून हा सन्मान फार थोड्यांना मिळाला आहे.

हॅरल्ड एवढेच बोलला, की मग सोमवारी गाई जातील. आवाज चढवला नाही. टोपी काढली आणि परत घातली.

"सोमवार लांब आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बादलीभर पाणी आण."

त्यांनी भिंतीशी काड उकरून जमीन उघडी केली, मग कप्प्याच्या वरच्या टोकाला बादली ओतली. आम्ही सगळे, आमदारांसकट, पाणी कुठे जाते ते पाहत उभे राहिलो. पाणी शांतपणे भिंतीशी आले आणि थांबले. हॅरल्डच्या वडिलांच्या काळी तिथे गाई ओळीने बांधलेल्या असत आणि त्यांच्या मागे एक गटार होते. जमिनीचा उतार त्या गटाराकडे. नव्या गोठ्यासाठी हॅरल्डने ते गटार काँक्रीटने बुजवले होते. पाण्याला जायला जागाच नव्हती.

कशाला बुजवलं, असे आमदारांनी विचारले. हॅरल्डने अवघडून माझ्याकडे पाहिले. नियमात होतं, तो म्हणाला. वासरांचे पाय अडकू नयेत म्हणून जमीन सलग, खाचा नसलेली असावी.

बाई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "काका, हे तुमचं कलम." आणि मी काही बोलायच्या आत, "आणि माझं. मी वाचून हो म्हटलं होतं. कागदावर छान दिसत होतं."

मला आजवर कुणी कोर्टात दोषी ठरवलेले नाही. पण त्या गोठ्यात, चौदा गोऱ्ह्यांसमोर, दोषी असणे म्हणजे काय ते मला कळले. माणूस इतरांच्या चुकांवर जन्मभर पत्रे लिहितो आणि त्याची स्वतःची चूक एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात पाणी होऊन साचलेली असते.

पण कलमाचा अर्थ लावण्याचे पत्र लिहिणे, हेही माझेच काम होते. मी बाईंच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिले: वासराचे पाऊल अडकणार नाही अशी लोखंडी जाळी टाकलेली अरुंद नाली ही या नियमापुरती सलग जमीन समजावी. दोन वाक्ये. माझ्या आयुष्यातले सर्वांत लहान पत्र. बाईंनी जाळीचे अंतर सांगितले, ते मी भरले. संचालकांनी ओल्या गुडघ्यांनिशी त्यावर सही केली. रिबन कापली नाही. आमदारांनी रूथच्या हातचा केक खाल्ला आणि गेले. डॉक्टरबाई मात्र, नापास केलेल्या प्रत्येक घरात करीत तसेच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कॉफी प्यायल्या. नापास करून लगेच निघून जाणाऱ्या अधिकाऱ्याला त्या पळपुटा म्हणत.

पुढच्या दिवसांत शेजारच्या शेतांवरचे लोक काँक्रीट कापायचे यंत्र घेऊन आले. जुन्या गटाराच्याच जागी वीतभर रुंदीची नाली कापली, जाळी बसली, ओले काड ट्रॅक्टरने बाहेर गेले. गोऱ्हे तोवर गवताच्या कोठारात होते आणि त्यांनी तिथली एक शिडी चाटून गुळगुळीत केली. बाई रोज ऑफिस सुटल्यावर जाऊन एक बादली ओतून येत. हॅरल्डला मदत करीत नाही, पाणी पाहते, असे त्यांचे म्हणणे. तपासणी करणाऱ्याने अर्जदाराला मदत करू नये, असेही माझे एक कलम होते. ते मोडले असे मला वाटत नाही. त्यांनी फावड्याला हात लावला नाही. मी लावला. मी तपासणी करणारा नव्हतो, कधीच नव्हतो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्या पुन्हा आल्या. या वेळी रिबन नाही, कुणी नाही; हॅरल्ड, रूथ आणि मी. काड त्या दिवसासाठी घातलेले नव्हते, तीन दिवस वासरे त्यावर झोपलेली. बाई पहिल्या जागी बसल्या, दुसऱ्या जागी बसल्या, भिंतीशी बसल्या. तिथे त्यांनी पंचविसाऐवजी पन्नास मोजले, नियमात नसताना. उठल्या. मी पाहिले. हॅरल्डने पाहिले. खाकी कापड काडाने जरा चुरगळले होते, बाकी काही नाही. त्यांनी कागद एका गोऱ्ह्याच्या पाठीवर ठेवून सही केली, म्हणून ती सही वाकडी आहे. मी तिची प्रत जपून ठेवली आहे. त्या दिवशी त्या कॉफीला थांबल्या नाहीत. पलीकडच्या तालुक्यात एका गोठ्यात वासरे खोकत होती, तिकडे गेल्या.

हॅरल्ड गोठ्यातच राहिला. मी आणि रूथ घरात आलो. तिने हात धुतले, सावकाश पुसले, भिंतीवरच्या फोनवरून व्यापाऱ्याला फोन लावला आणि सांगितले की सोमवारी गाडी पाठवू नका. पलीकडून काहीतरी विचारले गेले. रूथ खिडकीतून गोठ्याकडे पाहत होती.

"नाही," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्या सोमवारीही नको."